फोनचा उंबरठा

१ जानेवारी २०२२ ची सकाळ आम्हाला अजून आठवते. नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या गर्दीत एका मैत्रिणीचा निरोप होता, ‘तुमची नावे त्यात नाहीत ना, एकदा बघून घ्या.’ कशात, ते आम्हाला ठाऊक नव्हते. दुपारपर्यंत सगळे कळले. ‘बुल्ली बाई’ नावाच्या एका ॲपवर देशातल्या शंभरावर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. त्याआधी सहा महिने, जुलै २०२१ मध्ये, ‘सुल्ली डील्स’ या नावाने हाच प्रकार होऊन गेला होता. विकायला तिथे काहीच नव्हते. अपमान करणे एवढाच त्यामागचा हेतू होता. यादीत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, आणि २०१६ साली दिल्लीतून बेपत्ता झालेल्या नजीब या विद्यार्थ्याची वयस्क आईदेखील होती. जिने मुलगा गमावला तिलाही सोडले नव्हते.

आम्ही म्हणजे दोघी. एकीचे घर उल्हासनगरात, दुसरीचे अंबरनाथला. डिझाइनच्या एकाच वर्गात, एकाच लोकलने जाणाऱ्या. लिहितानाही एकत्रच लिहितो, म्हणून हा ‘आम्ही’. त्या दिवशी आमच्या दोन्ही घरांत जे घडले ते अगदी सारखे होते. एकीच्या अब्बांनी आणि दुसरीच्या भाईने एकच हुकूम सोडला, ‘फोटो काढून टाक.’ आम्ही काढलेही. नंतर मुंबई पोलिसांनी पहिल्याच आठवड्यात काहीजणांना पकडले, तेव्हा कळले की ही अठरा-एकविशीतली, शिकणारी मुले आहेत आणि त्यात एक मुलगी आहे. म्हणजे आमच्याच वयाची. गुन्हा त्यांनी केला आणि चेहरा आम्ही लपवला. या हिशेबात काहीतरी चुकते आहे, एवढे मनात राहिले.

त्या उन्हाळ्यात संशोधनासाठी विषय निवडायचा होता. वर्गातल्या कुणी खेळणी घेतली, कुणी बसथांबे घेतले. आम्ही ‘ऑनलाइन वावरणाऱ्या स्त्रियांची सुरक्षितता’ हा विषय घेतला. उत्तर आमच्याकडे आधीच तयार होते. एक ॲप करायचे, त्यात लाल बटण ठेवायचे, ते दाबले की तक्रार थेट योग्य ठिकाणी पोहोचेल. पडद्यांची चित्रेही काढून झाली होती. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ती पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘जिच्यासाठी हे करताय, तिचा फोन कुठे असतो ते पाहिलेत का?’ आम्हाला तो प्रश्न तेव्हा विचित्र वाटला. फोन हातात असतो, आणखी कुठे असणार?

ईद झाल्यावर, मे महिन्याच्या उन्हात, आम्ही आमच्याच तीन गावांत फिरायला लागलो. कल्याणच्या पुढची ही स्टेशने मुंबईच्या नकाशात नेहमी कडेला पडतात. उल्हासनगर फाळणीनंतर वसले. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना माणसे कॅम्पचा आकडा सांगतात, एक ते पाच. अंबरनाथला अकराव्या शतकातले शिवमंदिर आहे, आयुध निर्माणी आहे, एमआयडीसी आहे. पलीकडे हाजी मलंगचा डोंगर दिसतो. तिथल्या दर्ग्याची वहिवाट केतकर घराण्याकडे आहे आणि चढणाऱ्यांत दोन्ही समाज असतात. बदलापुरात स्वस्त घरासाठी येऊन रोज दीड-दोन तास लोकलने मुंबई गाठणारी माणसे राहतात. बोलायला बायका भरपूर मिळतील याची खात्री होती. आमच्या अम्मी, खाला, चाची यांच्या ओळखी होत्याच.

पहिली भेट उल्हासनगरात जीन्सचे धागे कापणाऱ्या बायकांची. कारखान्यातून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे घरी येतात. लोंबणारे धागे कापून द्यायचे आणि नगावर पैसे घ्यायचे. दारात बसून चार-पाच जणी हे काम करत होत्या. आम्ही आमचा कागद काढला आणि विचारले, ‘तुमच्या फोनला लॉक आहे का?’ त्या हसल्या. त्यांतल्या वयाने मोठ्या खाला म्हणाल्या, ‘हमारा कायका फोन बेटा, घर का फोन है.’ सकाळी तो मुलाच्या क्लाससाठी, दुपारी सुनेकडे, संध्याकाळी कामावरून आलेल्या मुलाकडे. लॉक लावला तर प्रश्न येतो, ‘असे काय आहे त्यात?’ आमच्या कागदावरचे पुढचे अकरा प्रश्न त्या एका वाक्याने निकालात निघाले.

पुढे अभ्यासताना कळले की हे आमच्या गल्लीपुरते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३३ टक्के आणि पुरुषांचे ५७ टक्के निघाले. स्वतः वापरण्याजोगा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. निथ्या सांबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. फोन घरात फिरतो हे गृहीत धरून बायका काय काय युक्त्या करतात, ते त्यात मांडले आहे. कुणी एखाद्या ॲपलाच कुलूप लावते, कुणी एकेक निरोप निवडून पुसते, कुणी फोन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी शोधलेले सगळे काढून टाकते. हे वाचताना आम्हाला आमच्या आयाच दिसल्या. ज्यांना आम्ही ‘फोनमधले काही कळत नाही’ म्हणत होतो, त्या रोज एवढी कसरत करत होत्या.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दुसरा धडा मिळाला. उल्हासनगरात अशी दुकाने पावलोपावली आहेत. काउंटरवर दुरुस्तीला आलेले फोन ओळीने ठेवलेले होते. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली, तिच्यावर गिऱ्हाइकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि नऊ ठिपक्यांवर काढलेली लॉकची आकृती. दुकानदार भला माणूस होता. ‘लॉक नाही दिला तर चेक कसा करणार?’ असे तो म्हणाला, आणि त्याचे चूक नव्हते. पण जिचा फोन होता ती आपले लग्नाचे, माहेरचे, न्हाणीघरातून बाहेर आलेल्या पोराचे सगळे फोटो त्या काचेवर ठेवून गेली होती. शेजारच्या पार्लरवाल्या सिंधी मावशी म्हणाल्या, ‘मी सोने पॉलिशला देते तेव्हा समोर बसते. फोनसमोर कोण बसते गं?’ आमच्या वहीत ते वाक्य अजून आहे.

बदलापूरला एका घरी पालघरचा विषय निघाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने ते पसंत केले. दोघींना अटक झाली, आणि लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. लिहिणारी मुलगी मुसलमान होती, पसंत करणारी नव्हती. पुढे खटला मागे पडला. ज्या कलमाचा आधार घेतला होता ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ, २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केले. पण बदलापूरच्या त्या चाचींना निकाल माहीत नव्हता. त्यांना अटक तेवढी माहीत होती. त्या दिवसापासून त्यांच्या घरातल्या मुलींनी काही लिहायचे नाही, असा नियम झाला होता. निकाल यायला दोन-अडीच वर्षे लागली. भीती एका रात्रीत घरोघर पोहोचली होती.

आता आमच्या हातून झालेल्या चुकीबद्दल लिहिले पाहिजे. ते गाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

बदलापूरची एक मुलगी आमच्याशी बोलली. बारावीची परीक्षा दिलेली, हुशार. कुणीतरी तिचा फोटो उचलून तिच्या नावाने खोटे खाते काढले होते आणि तिच्या ओळखीच्यांना नको ते निरोप पाठवले होते. घरी तिने अवाक्षर काढले नव्हते. बोलता बोलता ती म्हणाली होती, ‘संध्याकाळनंतर फोन अब्बांकडे असतो.’ आम्ही ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावले. महत्त्वाचा निष्कर्ष म्हणून वर्गात वाचूनही दाखवला. आणि चार दिवसांनी रात्री नऊ वाजता आम्हीच तिला व्हॉट्सॲप केले, ‘तुझ्या खोट्या अकाउंटबद्दल थोडे प्रश्न राहिलेत, कधी भेटू?’

निरोप अब्बांनी वाचला. दुसऱ्या दिवशी फोन बंद लागला. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कळले की सिम काढून ठेवले आहे, पुढचे शिक्षण राहू दे असे घरात चालले आहे, आणि गावाकडच्या एका स्थळाचे नावही निघाले आहे. ८ जूनला बारावीचा निकाल लागला. ती चांगल्या गुणांनी पास झाली. पण प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन, आणि त्याचा ओटीपी येणार त्याच बंद पडलेल्या सिमवर.

आम्ही दोन रात्री झोपलो नाही. सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या आम्ही, आणि त्या मुलीच्या आयुष्यात खोटे खाते काढणाऱ्याने केले नसेल तेवढे नुकसान आमच्या एका ओळीने केले होते. बाईंना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. ‘आधी तिच्या घरी जा. अहवाल नंतर,’ म्हणाल्या. एकटे जाण्याची हिंमत नव्हती, म्हणून आमच्यातल्या एकीच्या अम्मीला बरोबर घेतले. अम्मी सातवी शिकलेली आहे, पण चार माणसांत नीट बोलते.

मुलीचे अब्बा अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर काम करणारे. आम्हाला वाटले होते दारातूनच परत पाठवतील. त्यांनी पाणी दिले, बसायला सांगितले. आम्ही आधी माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बेटा, मी दुष्ट माणूस नाही. भाड्याचे घर आहे. उद्या गल्लीत बोलबाला झाला तर घरमालक काय म्हणेल? पोलीस, कोर्ट हे आमचे काम आहे का?’ त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण भीती खोटी नव्हती. मग त्यांनी आत बघून विचारले, ‘हिने मला का नाही सांगितले?’ पडद्यामागून मुलगी म्हणाली, ‘सांगितले असते तर फोन गेला असता. आता गेलाच ना, अब्बा.’

तेव्हा अम्मी बोलली. ‘भाईजान, कुणाच्या घरात शिरण्याआधी सलाम करा, परवानगी घ्या, असे सूरह नूरमध्ये सांगितले आहे. आपण शेजाऱ्याच्या दारात खोकल्याशिवाय जात नाही. मुलीचा फोन हेही तिचे छोटेसे घरच झाले आता. चोर तिच्या घरात शिरला, आणि आपण घराला कुलूप लावायचे सोडून तिलाच घराबाहेर काढले.’ आम्ही महिनाभर जी पुस्तके वाचत होतो त्यांत हीच गोष्ट जड शब्दांत होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेही आम्ही अहवालात लिहिले होते. पण त्या खोलीत अम्मीचे बोलणे उपयोगी पडले.

सगळे लगेच सुरळीत झाले असे नाही. त्या दिवशी अब्बांनी फक्त एवढे कबूल केले की अर्ज भरेपर्यंत सिम परत घालू. अर्ज भरला गेला. मग त्यांनी स्वतः आमच्याबरोबर बसून त्या खोट्या खात्याची तक्रार केली. काही दिवसांनी ते खाते निघाले. कुणी काढले होते ते कळले नाही, अजूनही कळलेले नाही. प्रवेश मिळाला. फोनला लॉक मात्र लावू दिला नाही. आम्ही तिची गोष्ट अहवालातून काढायला निघालो, तर तीच म्हणाली, ‘लिहा, पण मला कुणी ओळखणार नाही असे बदलून लिहा.’ इथेही तसेच लिहिले आहे.

लाल बटणाचे ॲप आम्ही सोडून दिले. जिचा फोन सगळ्यांचा आहे तिच्या फोनवर असे ॲप दिसणे हाच धोका. त्याऐवजी आम्ही एक साधी घडीची पत्रिका केली. एका बाजूला अंबरनाथ-बदलापूर लोकलचे वेळापत्रक, आतल्या घडीत चार गोष्टी. वेळापत्रक कुणाच्याही पर्समध्ये असते, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. त्या चार गोष्टी इथेही सांगतो, कारण हा अंकही घरात चार हातांतून फिरणारच.

पहिली गोष्ट, घाबरून सगळे पुसून टाकू नये. निरोप, खात्याचे नाव, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि पानाचा पत्ता लिहून ठेवावा. तोच पुरावा. दुसरी, तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते. पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक तातडीने लावावा. पोलीस ठाण्यात गेल्यास ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तिसरी, कायदा आपल्या बाजूला आहे. ऑनलाइन पाठलाग हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आला. खासगी छायाचित्र परवानगीविना काढणे किंवा पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चौथी गोष्ट आमच्या बायकांना सर्वांत नवी वाटली. खासगी फोटो पसरवण्याची धमकी कुणी देत असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सोय डिसेंबर २०२१ पासून आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. जुळणारा फोटो कुणी चढवू लागले तर तो ओळखता येतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सोय आहे.

पत्रिका वाटली तेव्हा धागे कापणाऱ्या त्या खाला म्हणाल्या, ‘अच्छा है. लेकिन ये हमको कायको दे रहे? हम तो पहले से डरते हैं. मर्दों को दो.’ हे आम्हाला सुचलेच नव्हते. मग अंबरनाथला एका ओळखीच्या हॉलमध्ये फक्त भाई-अब्बा लोकांची बैठक ठेवली. सात जण आले. आम्ही खट्टू झालो, तर बाई म्हणाल्या, ‘१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या मोर्चात मुंबईत किती बायका होत्या?’ त्याही सात होत्या. आमच्या बैठकीची त्या मोर्चाशी बरोबरी नाही. पण त्या सातांत बदलापूरचे ते अब्बा होते, आणि बोलायला तेच पहिले उठले.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरचे नाव देशभर झाले. शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, २० ऑगस्टला माणसे रुळांवर उतरली, लोकल तासन्‌तास बंद राहिल्या, काही काळ इंटरनेटही बंद ठेवावे लागले. त्या दिवसांत आमच्या फोनवर काय काय येत होते! त्या मुलींबद्दल, त्यांच्या घराबद्दल, खरे-खोटे सगळे. पाठवणारी माणसे चांगली होती, संतापलेली होती. पण अशा मुलीची ओळख उघड करणे हाही कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते. चाचींच्या घरी गेलो तर त्या म्हणाल्या, ‘आम्ही मुलींना फोनपासून वाचवत बसलो, आणि संकट शाळेत होते.’ जागा कोणतीही असो, मुलीने घरी येऊन सांगितले तर तिच्यावर विश्वास बसेल का, हाच खरा प्रश्न आहे.

सावित्रीबाई शाळेत जाताना शेण-चिखल झेलत आणि बरोबर दुसरे लुगडे नेत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चिखल फेकणारे आजही आहेत, आता त्यांना रस्त्यावर उभे राहावेसुद्धा लागत नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे, पोलीस आहेत, ते काम त्यांनी करावे. आपल्या हातात आहे ते एवढेच, की चिखल अंगावर घेऊन घरी आलेल्या मुलीला ‘तू बाहेर गेलीसच का’ असे विचारायचे नाही. तिला दुसरे लुगडे द्यायचे.

आमचे दोघींचे फोटो आता पुन्हा लागले आहेत. बदलापूरची ती मुलगी पदवी घेऊन नोकरीला लागली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता, दुपारी. पहिल्या पगारातून तिने स्वतःचा फोन घेतला होता. आम्ही विचारले, ‘लॉक लावलास?’ ती म्हणाली, ‘अब्बांनीच लावून दिला. आणि पॅटर्न बघायचा नाही म्हणून तोंड फिरवून बसले.’